मदत हवी आहे: पुण्याहून नागपूरला सामान, लोणच्याच्या बरणीसकट

नमस्कार मंडळी. नवऱ्याची नागपूरला बदली झालीये. मे महिना कसा गेला कळलंच नाही. आधी रत्नागिरीला माहेरी, मग साताऱ्याला नणंदेचं लग्न, आता घर आवरणं. लेक साडेचार वर्षांची. मी खोकं भरते, ती त्यातून भातुकली उपसते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तेवढीच सवड आहे. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (इथलं कनेक्शन बंद केल्याचा कागद) घेतलं, ते काम झालं. (तेव्हापासून इंडक्शनवर रोज खिचडी.)

अडलंय ट्रकवर. दुसऱ्यांच्या सामानाबरोबर पाठवलं तर स्वस्त पडतं, पण मागच्या बदलीत असंच केलं, तर सामान सहा दिवस वाटेत पडून राहिलं आणि कपाटाचा आरसा तडकून आला. वन बीएचकेच्या सामानासाठी पूर्ण गाडी करावी का? एवढ्यात कुणी समृद्धी महामार्गावरून सामान नेलंय? किती घेतले? फ्रीज उभाच न्यायला सांगायचा ना?

आणि आईने दिलेली कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी! दादरा घट्ट बांधलाय, तरी तेल झिरपतंय. ट्रकमध्ये टाकायचा धीर होत नाही. रेल्वेत मांडीवर घेऊन बसू का?