गळणं, झिरपणं की पाझरणं? केशवाहिन्यांसाठी कोणता शब्द

मुलीला रक्ताभिसरण समजावताना अडलो. केशवाहिनीतून, म्हणजे रक्ताच्या सगळ्यात बारीक नळीतून, पाणी, क्षार बाहेर पेशींकडे जातात त्याला मी 'गळतात' म्हणालो, तर ती लगेच म्हणे, म्हणजे नळी फाटलीये का बाबा? कोणता शब्द वापरावा?

---

पाझरणं, दुसरा नकोच. उन्हाळ्यात मातीचा माठ बघा, हात लावला की बाहेरून ओला लागतो पण फुटलेला नसतो, उलट जो पाझरत नाही त्यातलं पाणी गारच होत नाही. गळका माठ म्हणजे चीर गेलेला. केशवाहिनीचं अगदी तेच, भिंत पेशींच्या एकाच थराची, फटींतून पाणी नि क्षार बाहेर येतात आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं बहुतेक आतच राहून पाणी धरून ठेवतात. धमनीकडच्या टोकाला रक्ताचा दाब साधारण ३५ मिमी पारा आणि प्रथिनांची ओढ २५ च्या आसपास, म्हणून पाणी बाहेर पडतं. झिरपणं म्हटलं की मला पावसाचं पाणी जमिनीत उतरताना दिसतं, तिथे मागून ढकलणारं कोणी नसतं.

गळणं हा शब्द डेंग्यूसाठी ठेवा. तिथे भिंतच सैल होते, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग बाहेर जातो, रक्त घट्ट होतं, डॉक्टर सारखं हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती) बघतात ते त्यासाठीच.

आणि ऑक्सिजन पाझरत नाही बरं का, तो जास्तीकडून कमीकडे पसरतो, उदबत्तीचा वास घरभर जातो तसा. त्याला 'विसरण' हा शब्द आहेच, दोन्हींना एकच क्रियापद लावलं की मुलांचा गोंधळ होतो.

'केश' मात्र फसवा आहे, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ केसच, पण ही नळी केसाहून कितीतरी बारीक, ५ ते १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), तांबड्या पेशींना एकामागून एक अंग चोरून जावं लागतं.

---

माठ पटला तिला! मग परत येणाऱ्या पाण्याला 'शोषलं जातं' म्हणू का?

---

पुस्तकात तसंच असतं, शिरेकडच्या टोकाला दाब कमी होतो म्हणून पाणी परत आत ओढलं जातं. पण आता असं मानतात की बहुतेक ठिकाणी तिथे फारसं परत जात नाही, बरंचसं लसीकावाहिन्या, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या बारीक नळ्या, गोळा करतात आणि मानेजवळच्या शिरांत नेऊन सोडतात. म्हणून मी नुसतं 'परततं' म्हणतो. नाही परतलं की नडगीवर बोट दाबून उचललं तरी खळगा तसाच राहतो, आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला 'पायात पाणी उतरलंय' म्हणतात आणि अगदी बरोबर म्हणतात.