व्यावसायिक नाटकात पहिल्यांदाच काम मिळालंय, प्रयोग सुरू झाले की दिवस कसा जातो?

तालीमवेडी_कल्याण:
नमस्कार मंडळी. कॉलेजात एकांकिका केल्या, आयएनटी, सवाई अशा एकांकिका स्पर्धांत सगळीकडे नाचून झालं, आता पहिल्यांदाच व्यावसायिक नाटकात काम मिळालंय. चालू नाटक आहे, एक अभिनेत्री सोडतेय आणि तिच्या जागी मला घेतलंय. तालमीची भीती नाही, ती सवय आहे. प्रश्न पुढचा आहे. एकांकिकेला दीड-दोन महिने जीव तोडून तालीम करतो आणि हातात मोजके प्रयोग असतात, इथे शनिवार-रविवार धरून तीन-चार प्रयोग, मधल्या वारी कधी पुणे कधी नाशिक, आणि हे महिनोन्‌महिने. त्यात माझी सोमवार ते शुक्रवार घरून करायची नोकरी आहे, ती लगेच सोडता येणार नाही. तर प्रयोगाच्या दिवशी तुम्ही जेवता कधी, झोपता कधी, आवाज कसा सांभाळता, आणि तेच वाक्य इतक्यांदा बोलून कंटाळा येत नाही का? जे करतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

विंगेतली:
आधी अभिनंदन गं! मी बरीच वर्षं हेच करतेय म्हणून लिहिते. लोकांना वाटतं नाटक म्हणजे ते अडीच-तीन तास, पण खरं काम उरलेल्या दिवसाचं असतं. समज रविवार आहे, दुपारी साडेतीनला दादरचं शिवाजी मंदिर आणि रात्री साडेआठला ठाण्याचं गडकरी थिएटर. म्हणजे दीडच्या सुमारास दादरला पोचायचं, तेही मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या रात्रीच बघून. कल्याणहून येणार असशील तर हे विसरूच नकोस, लोकल उशिरा आली हे कारण मॅनेजर एकदा ऐकून घेईल, दुसऱ्यांदा नाही. गेल्यावर आधी रंगमंचावर जाऊन सेट बघायचा, कारण प्रत्येक थिएटरचा रंगमंच वेगळा, कुठे विंगा अरुंद, कुठे मागे जागा कमी, तुझी पाच पावलांची एंट्री तिथे चार पावलांत संपते. मग मेकअप, केस, नटराजाची पूजा, नारळ, घंटा.

साडेसहाला पडदा पडला की खरी धावपळ. मेकअप पूर्ण काढायचा नाही, बसमध्ये बसायचं आणि ठाणे गाठायचं. सेट वेगळ्या गाडीने आधी निघालेला असतो पण रविवार संध्याकाळच्या ट्रॅफिकला ते कळत नाही. या मधल्या वेळात काय खातेस त्यावर रात्रीचा प्रयोग ठरतो. मी घरून पोळीभाजी नेते, थोडी दुपारी प्रयोगाआधी, थोडी बसमध्ये. मध्यंतरातला बटाटेवडा दिसला की मोह होतो, वास थेट मेकअपरूमपर्यंत येतो, पण तिसऱ्या अंकात लांब वाक्य असेल तर तो वडा घशाशी येतो, खरंच सांगते.

आवाजाचं म्हणशील तर ज्येष्ठमध, खडीसाखर, कोमट पाणी हे सगळे सांगतील आणि ते बरोबरही आहे, पण आवाजाचं खरं औषध झोप आणि गप्प बसणं. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या की तू खिडकीकडे तोंड करून झोप, कोणी काही म्हणत नाही. आणि रात्री प्रयोग संपला, खोबरेल तेलाने मेकअप पुसला, घरी पोचलीस तरी दोन वाजेपर्यंत डोळा लागणार नाही. अंगात प्रयोग चालूच राहतो. म्हणून सोमवारी सकाळची मीटिंग शक्यतो ठेवूच नकोस.

साउंडवाला_पुणे:
मी बॅकस्टेजचा माणूस, त्यामुळे माझं वेगळं सांगणं. नटमंडळी येतात त्याच्या किती आधी आम्ही आलेलो असतो ते एकदा लवकर येऊन बघा ताई. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरला साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ असे वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग एकाच दिवशी असतात, एकाचा सेट निघतोय तर दाराशी दुसऱ्याचा उभा, तेवढ्या वेळात फ्लॅट म्हणजे सेटच्या भिंती उभ्या करायच्या, लाईट लावायचे, माईक तपासायचे. त्या घाईत एखादी वस्तू इकडची तिकडे होऊ शकते, म्हणून स्वतःची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर हाताळायच्या वस्तू, स्वतः तपासायची. पत्र असेल, चष्मा असेल, कपबशी असेल, पहिली घंटा व्हायच्या आत हात लावून बघायची. आणि कपडे बदलायचं, म्हणजे चेंजचं. आमच्या एका नाटकात ब्लॅकआउटमध्ये बाईंना साडी बदलून परत एंट्री होती, विंगेत दोघी मदतीला, एकीच्या दातात छोटा टॉर्च, शिवलेली नऊवारी जमिनीवर गोल उघडून ठेवलेली, बाई येऊन त्यात नुसत्या उभ्या राहायच्या आणि एक जण ती वर ओढून कमरेला वेल्क्रो लावायची, तोवर दुसरीने अंबाडा अडकवलेला. प्रेक्षकांना कळायचंही नाही. हे जमतं कारण बाई रोज त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून उभ्या राहायच्या. वीतभर इकडे उभं राहिलं की सगळं गेलं. त्या दोघींना नावानं ओळखा, त्यांच्याबरोबर चहा प्या.

आणखी एक, २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे थिएटरं बंद झाली, मध्ये काही महिने उघडून पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर परत उघडली. प्रयोग नाही तर नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, नाही. म्हणून तुमची नोकरी टिकते तोवर टिकवा असं मी मनापासून सांगेन.

नटाचं_घर:
माझे मिस्टर नाटकात आहेत. घरच्यांच्या बाजूने थोडं. सगळी लग्नं, मुंजी, बारशी शनिवार-रविवारीच असतात आणि त्या दिवशी हे कुठेतरी प्रयोगाला असतात, दिवाळीतही प्रयोग. सुरुवातीला मला फार त्रास व्हायचा, नातेवाइकांना उत्तरं मी द्यायची. मग आम्ही मंगळवार हा आमचा रविवार ठरवला, त्या दिवशी दोघं मिळून बाजार, जेवण, मुलाचा अभ्यास, फोन बाजूला. तुझ्या आईबाबांना आधीच सांग की तारखा महिनाभर आधी कळतात पण त्यातही बदल होतात. आणि त्यांना एकदा प्रयोगाला ने, पण नुसतं समोर बसवू नकोस, प्रयोगानंतर आत मेकअपरूममध्ये ने. माझ्या सासूबाईंनी आत येऊन बघितलं की मुलगा घामाने ओलाचिंब होऊन पंख्याखाली बसलाय, त्यानंतर उशिरा उठण्यावरून त्या कधी बोलल्या नाहीत.

जुना_हौशी:
आमच्या काळी बँकेत, एलआयसीत, रिझर्व्ह बँकेत नोकरी करून नाटक करणारे कितीतरी होते, मीही बँकेतलाच. कंटाळ्याचं विचारलंत म्हणून लिहितो. अभिनेते प्रशांत दामलेंनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५०० वा प्रयोग केला, कंटाळून कोणी एवढं करू शकत नाही. वाक्य तेच असतं पण समोरचा माणूस आज ते वेगळ्या सुरात टाकतो, ते खरंच ऐकलंत तर उत्तर आपोआप नवं येतं. कंटाळा येतो तो ऐकणं बंद झाल्यावर. आणि हशा कुठे येतो तो गावागणिक बदलतो, दादरला जिथे टाळी मिळते तिथे कोल्हापुरात शांतता आणि पुढच्याच वाक्याला छप्पर उडतं. तो हशा संपायच्या आत पुढचं वाक्य टाकू नका, ते वाया जातं.

तालीमवेडी_कल्याण:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, प्रॉपर्टीचं आणि मंगळवारचं तर लिहूनच ठेवलं. एकच राहिलं, रिप्लेसमेंट म्हणून जाताना आधीच्या ताईंसारखंच करायचं की माझ्या पद्धतीने?

विंगेतली:
हालचाली, जागा आणि क्यू (कशावर काय सुरू करायचं त्या खुणा) अगदी तिचेच ठेव, कारण बाकीचे चौघं आणि लाईटवाला त्यावर चालतात. वाक्य म्हणताना सूर तुझा. तिचं रेकॉर्डिंग जागा पाठ करण्यापुरतं बघ, मग बंद कर. जमलं तर तिच्या उरलेल्या प्रयोगांना प्रेक्षकांत न बसता विंगेत उभी राहा, ती आत आल्यावर पाणी कधी पिते, कुठल्या बाजूने धावते हे तिथूनच दिसतं. आणि पहिल्या प्रयोगाआधी दिग्दर्शकांकडे एक तालीम सेटवर, पूर्ण कपड्यांत मागून घे, संकोच करू नकोस. चपला पण त्याच घाल, लेव्हलवर, म्हणजे सेटवरच्या उंच भागावर, चढताना साडी आणि चप्पल दोन्ही अडकतात.