मदत हवी आहे: पहिल्या खेळीचे पर्याय २० की १४? (भडंग पणाला लागलंय)

कठड्यावरचा

नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे, रविवारच्या आत निकाल हवा.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-तीन पट मांडले जातात आणि डाव संपले की अर्धा तास बुद्धिबळावरची प्रश्नमंजूषा होते. एका बाजूला पोरंटोरं, दुसऱ्या बाजूला ज्येष्ठ. हरेल त्यानं पुढच्या रविवारी भडंग आणायचं, कांदा-लिंबासकट.

परवा प्रश्न काढायची पाळी माझी होती. शेवटच्या प्रश्नाला दोन्ही बाजू बरोबरीत. मी विचारलं, "डाव सुरू होताना पांढऱ्याला पहिल्या खेळीसाठी एकूण किती पर्याय असतात?" माझ्या भाच्यानं क्षणात सांगितलं, वीस. आठ प्याद्यांच्या सोळा खेळ्या, दोन घोड्यांच्या चार. मी "बरोबर" म्हणणार एवढ्यात आमचे नाना (वय ७८, बँकेतून निवृत्त, पटावर बसले की चहा थंड होतो) म्हणाले, "चौदा."

आधी मला वाटलं थट्टा करतायत. पण ते ठाम. "तू प्रश्नात कुठले नियम ते सांगितलंस का? आम्ही देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळून मोठे झालो. देशीत चौदाच." आणि पट आवरून वर निघून गेले. आता पोरं म्हणतात भडंग नानांनी आणायचं, नाना म्हणतात परीक्षकानं, म्हणजे मी.

दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. एक, ते चौदा खरंच येतात का? मला तरी हिशेब लागत नाही. दोन, गणपतीतल्या प्रश्नमंजूषेचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. नानांना फट सापडणार नाही असे प्रश्न सुचवा.

उंटावरचा_शहाणा

नाना हरले. देशीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. म्हणजे प्याद्यांच्या ८ आणि घोड्यांच्या ४, झाले १२. चौदा कुठून आणले? नानांना भडंगासोबत चहाही लावा.

अडीच_घरं

शहाणे, उंटावरून उतरा. राजा विसरलात.

देशीत किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, अट एवढीच की तोवर त्याला शह बसलेला नसावा. आता पट मांडून बघा. आपला राजा वजिराच्या शेजारी पहिल्या रांगेत. त्याच्या अडीच घरांच्या उड्या चार. त्यातल्या दोन आपल्याच प्याद्यांवर पडतात, त्या बाद. उरलेल्या दोन तिसऱ्या रांगेतल्या मोकळ्या घरांवर. म्हणून ८ + ४ + २ = १४. पहिल्याच चालीला राजा असा बाहेर काढणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण प्रश्न "पर्याय किती" असा होता, "शहाणपणाचे पर्याय किती" असा नव्हता.

नानांना माझा नमस्कार सांगा.

कठड्यावरचा

@अडीच_घरं, आत्ता डोक्यात प्रकाश पडला! मी पण बारावरच अडकलो होतो.

तासगावकर_काकू

थांबा, इतक्यात नानांना हार घालू नका. माझे वडील देशी खेळायचे. त्यांच्यात काही ठरावीक प्याद्यांना पहिल्या चालीला दोन घरं मिळायची, बाकीच्यांना एक. कुठली ते आता नीट आठवत नाही, आणि वडील असते तर त्यांनी मला आठवत नाही म्हणून बोलणी घातली असती. सांगायचं एवढंच की देशी नियम गावोगाव बदलायचे. "देशीत चौदाच" यातला "च" नानांना परत करा.

उंटावरचा_शहाणा

काकू, वाचवलंत!

बाय द वे, देशीला कमी लेखू नका कुणी. मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढलेला खेळाडू. विलायतेत गेला, तिथले नियम अंगवळणी पाडून घेतले आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन आला. दोन घरं सरकणारं प्यादं पुढ्यात पाहून पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल!

विट्याचा_कोलकात्यात

आम्ही मूळ विट्याचे, गलाईच्या धंद्यामुळे दोन पिढ्या कोलकात्यात. प्रश्नमंजूषेसाठी माझ्याकडून एक सूचना: "हत्ती कसा चालतो?" असलं काही विचारू नका. आपला हत्ती सरळ चालतो. इथले लोक त्या कोपऱ्यातल्या मोहऱ्याला नौका म्हणतात, आणि त्यांचा गज म्हणजे आपला उंट, तो तिरका चालतो. शाळेत पहिल्या दिवशी मी "हत्ती सरळ मारतो" म्हणून भांडलो होतो. पोरगा वेडा आहे असं ठरलं होतं माझ्याबद्दल.

पार्किंगचा_पंच

नानांसारखे दोन काका आमच्या मिरजेच्या कट्ट्यावर आहेत, त्यामुळे अनुभवाचे बोल सांगतो. सोपा वाटणारा प्रश्नच घात करतो.

"सर्वांत तरुण जगज्जेता कोण?" विचारलंत तर पोरं ओरडणार, गुकेश. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला डिंग लिरेनला ७.५–६.५ हरवलं तेव्हा तो १८ वर्षांचा होता, कास्पारोव्ह १९८५ साली २२ चा. बरोबर वाटतं ना? आमचे एक काका उठले, "पोनोमारिओव्ह!" युक्रेनचा रुस्लान पोनोमारिओव्ह जानेवारी २००२ मध्ये फिडेचा (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा) जगज्जेता झाला तेव्हा त्यालाही अठरावं सरून तीनच महिने झाले होते, गुकेशला सहा. तेव्हा जगज्जेतेपदाची दोन शकलं झाली होती, क्रामनिक वेगळा जगज्जेता होता. म्हणून प्रश्नात "निर्विवाद" हा शब्द हवाच. तो घालून मी खाली बसतोय तोवर दुसरे काका म्हणाले, "आणि हौ यिफान? ती १६ व्या वर्षी महिला जगज्जेती झाली, २०१० साली." त्यांना म्हटलं, मी जगज्जेता विचारला, जगज्जेती नाही. त्यावर व्याकरणावर वीस मिनिटं गेली.

अडीच_घरं

व्याकरणावरून आठवलं. "भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर कोण?" हा मराठीत विचारायचा प्रश्नच नाही. महिला ग्रँडमास्टर हा स्वतंत्र किताब आहे, तो आपल्याकडे पहिल्यांदा मिळवला एस. विजयालक्ष्मीनं, २००१ साली. पण ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी पहिली भारतीय महिला कोनेरू हंपी, २००२. एका शब्दरचनेत दोन्ही उत्तरं बरोबर. त्यापेक्षा सरळ विचारा: ग्रँडमास्टर झालेल्या भारतीय महिला किती? चार. हंपी, हरिका, वैशाली आणि २०२५ च्या जुलैत बाटुमीला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर झालेली आपली नागपूरची दिव्या देशमुख. अंतिम फेरीत समोर हंपीच होती.

तासगावकर_काकू

आणि सांगलीच्या मंजूषेत सांगलीचं काहीच नाही? भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यावर एक प्रश्न हवाच हवा. आपली खेळाडू स्वाती घाटे, तिच्यावर एक. ही नावं पार्किंगमधल्या किती पोरांना ठाऊक आहेत ते बघाच. कार्लसनची सगळी माहिती असते त्यांना.

कठड्यावरचा

काकू, भाच्याला आत्ताच विचारलं. पडसलगीकर म्हटल्यावर त्यानं "कुठलं दुकान?" असं विचारलं. दोन्ही प्रश्न पक्के.

उंटावरचा_शहाणा

माझ्याकडून एक घ्या: पटावर चौरस किती? ६४ म्हणणारा बाद. लहानमोठे सगळे मोजायचे. ६४ + ४९ + ३६ + २५ + १६ + ९ + ४ + १ = २०४. यात कुठलं गाव, कुठली पद्धत, काही नाही.

पार्किंगचा_पंच

तुम्ही "पटावर" म्हणताय. आमचे काका म्हणतील, पटाला बाहेरून चौकट असते, तोही चौरसच. २०५.

उंटावरचा_शहाणा

मी राजीनामा देतो.

कठड्यावरचा

बुधवारची खबर. नानांना समोर बसवून धागा फोनमधून वाचून दाखवला. अडीच_घरं यांचा हिशेब ऐकताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. काकूंच्या वडिलांच्या प्याद्यांपाशी मात्र घसा खाकरला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असतील, कुणाचे तसेही असतील." नाना आजवर एवढे कधी मागे सरकलेले नाहीत.

तडजोड अशी झाली. प्रश्न बाद, सामना बरोबरीत, अर्धा-अर्धा गुण. भडंग मी आणायचं, कांदा, लिंबू आणि चिरायचं काम नानांकडे. भाच्याचं म्हणणं, यात पोरांना फुकट मिळालं. ते खरं आहे. इथून पुढे प्रत्येक प्रश्नाआधी "फिडेच्या चालू नियमांप्रमाणे" असं मोठ्यानं वाचायचं असंही ठरलं.

जाता जाता नानांनी तुमच्यासाठी प्रश्न दिलाय, तसाच लिहितोय: "देशी डावात प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. मग राजाच्या घरात पोचलं तर?"

अडीच_घरं

नानांना विचारा, कुठल्या गावचे नियम?