रॅकेट दिली, पुढे काय?

टेनिसच्या जुन्या रॅकेट गोळा करून गरजू मुलांना वाटाव्यात, अशी एक सूचना आली आहे. ती चांगली आहे, पण अर्धीच. आठ वर्षांच्या पोराला मोठ्यांची 27 इंची रॅकेट दिली की ते दोन्ही हातांनी कशीबशी ती ओढत राहतं. त्यात तार तुटली की रॅकेट खुंटीला. नवी तार, प्रशिक्षक, हे पैसे कोण देणार?

स्पेनचा टेनिसपटू राफाएल नदाल याच्या फाउंडेशनने 2010 मध्ये आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरला टेनिस शाळा काढली, तिथे खेळासोबत इंग्रजी आणि संगणकही शिकवतात. हे मला जास्त पटतं. चॅम्पियन एखादाच निघतो (तोही निघाला तर!), बाकीच्यांच्या हाती निदान शिक्षण तरी लागतं. त्यामुळे द्यायचंच तर एखाद्या मुलाची वर्षभराची फी द्या. आणि हो, लहानग्यांसाठी ते कमी उसळणारे मऊ लाल चेंडूही द्या.