चिकनगुनिया गेला, पण डोकं अजून जागेवर येत नाही

जमाखर्च (बडोदे):

नमस्कार मंडळी. रावपुऱ्यात राहतो, दांडिया बाजारात एका टॅक्स कन्सल्टंटकडे हिशेबाचं काम बघतो. पन्नाशी ओलांडलेली. गोकुळाष्टमीच्या सुमारास चिकनगुनिया झाला. ताप लवकर उतरला, सांधे मात्र धरून राहिले, गणपतीची मिरवणूक गॅलरीतूनच पाहिली. सांध्यांचं सगळेच सांगतात, त्याची तयारी होती. डोकंच चालेनासं होईल हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे काय होतं ते सांगतो. परवा एका पार्टीचं बँक स्टेटमेंट टॅलीशी, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींशी, जुळवत होतो. २,७०० चा फरक. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे, फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आधी उलटे पडलेले आकडे शोधायचे. तेवढं बरोबर सुचलं. पण शोधायला बसलो तर ७,४५० च्या जागी ४,७५० अगदी नाकासमोर, आणि मला दिसेना! एका कागदावरचा आकडा वाचायचा, दुसऱ्या कागदाकडे मान वळेपर्यंत तो डोक्यातून गेलेला असतो. शेवटी ऑफिसातल्या नव्या मुलीने बोट ठेवून दाखवलं. हे काम मी आयुष्यभर रेडिओ ऐकत ऐकत केलंय.

फोनवर तीच तऱ्हा. समोरचा नाव सांगतो, मी "हो हो" म्हणतो आणि कोण बोलतंय याचा पत्ता नसतो. संध्याकाळी बायकोने भाजी कुठली आणू एवढं विचारलं तरी चिडायला होतं.

डॉक्टर म्हणतात, व्हायरलनंतर असं होतं, वेळ लागेल. घरचे म्हणतात, मनावर घेतलंय. शेठ म्हणतात, "मेहताजी, तबियत तो सारी लागे छे!" म्हणजे तब्येत तर चांगली दिसतेय. दिवाळी तोंडावर आहे, चोपडापूजनाच्या आत मागचं सगळं आवरायचंय, शिवाय जीएसटीचे रिटर्न भरायच्या ११ आणि २० तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

विचारायचं ते असं: याला साधारण किती वेळ लागतो, आणि तोवर काम कसं निभवायचं? आणखी एक. अंगात ताकद यावी म्हणून सकाळी कमाटीबागेत चालायला जातो. ज्या दिवशी हुशारी वाटते आणि दोन फेऱ्या जास्त मारतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं पार ठप्प. हे उलटं कसं?

शेवंती:

दादा, काळजी करू नका, होईल बरं. गुळवेलीचा काढा दोन्ही वेळा घ्या, रात्री बदाम भिजत घालून सकाळी खा, ब्राह्मीचं तेल टाळूवर. आमच्या ह्यांना फरक पडला होता.

लॅबवाली मावशी:

बदाम खा, तेल लावा, डोकं थंड राहील. गुळवेलीचा काढा मात्र दोन्ही वेळा आणि तोही डॉक्टरांना न सांगता, हे नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवून छापले होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला, तो असो. तुम्ही आधीच सांधेदुखीच्या गोळ्यांवर असणार, त्यात आणखी भर कशाला?

मी जन्मभर लॅबमध्ये रक्त काढलंय, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, पण अशी माणसं खूप पाहिली. जमाखर्च, तीन गोष्टी इथेच सांगा. रात्री झोपताना कुठली गोळी घेता, पट्टीवरचं नाव बघून लिहा. गॅसची गोळी चालू आहे का, किती वर्षं? आणि शाकाहारी का? दारूचं विचारत नाही, गुजरातेत राहता.

जमाखर्च:

मावशी, पट्टी समोर घेऊनच लिहितोय. रात्रीची गोळी प्रीगाबालिन ७५ आणि नॉरट्रिप्टिलीन १०, हातापायांच्या कळांसाठी. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, ती चिकनगुनियाच्या कितीतरी आधीपासून, वर्षानुवर्षं. शाकाहारी, अंडंही नाही.

लॅबवाली मावशी:

वाटलंच. प्रीगाबालिनने कळा थांबतात, पण बऱ्याच जणांना त्याने गुंगी येते, लक्ष लागत नाही, नजरही धूसर होते. जोडीच्या नॉरट्रिप्टिलीननेही डोकं जड होऊ शकतं. सगळा दोष गोळीचाच असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "हिचा डोस कमी करता येईल का?" स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही, ती हळूहळूच उतरवतात.

दुसरं, बी-१२. पोटातल्या आम्लाशिवाय अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही आणि तुमची गॅसची गोळी ते आम्लच दाबते. वर शाकाहार, म्हणजे दूधदुभत्यातून येईल तेवढंच. बी-१२ कमी पडलं तर विसराळूपणा, चिडचिड, हातापायांना मुंग्या, सगळं होतं. बी-१२, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), व्हिटॅमिन डी आणि साखर एवढं करून घ्या. आणि आधी रक्त द्या, मग ताकदीची इंजेक्शनं. लोक उलट करतात. इंजेक्शननंतर बी-१२ चा आकडा छान फुगलेला येतो आणि त्यावरून काहीच कळत नाही.

पुन्हा ताप आला, डोकं असह्य दुखलं, दिसायला कमी झालं, बोलणं अडखळलं किंवा माणूस बरळायला लागला, तर इथे विचारत बसू नका. थेट हॉस्पिटल.

फतेहगंजची मास्तरीण:

मावशींनी औषधपाण्याचं सांगितलंच आहे. मी भोगलेलं सांगते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला. मी शाळेत गणित शिकवते. परत वर्गात उभी राहिले तेव्हा फळ्यावर समीकरण अर्धं सोडवून मागे वळले आणि पुढची पायरीच हरवली. मुलं गप्प. घरी सगळ्यांचं एकच, "टेन्शन घेतेस." त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लाँग कोविडची, म्हणजे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाची, व्याख्या केली, तिच्यात थकवा आणि दम यांच्या शेजारीच विचारशक्तीतली गडबड नाव घेऊन लिहिलेली होती. मी तो कागद छापून नवऱ्याच्या हातात दिला.

तुमच्या आजाराला आणखी जवळचं उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावाच्या परिसरात तीन वेगवेगळ्या संसर्गांचे रुग्ण तापापासून पुढे पाहत गेले. त्यांतला एक रॉस रिव्हर विषाणू, चिकनगुनियाच्याच कुळातला. २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. २५३ जणांपैकी २९ जणांना सहा महिन्यांनीही थकवा, अंगदुखी आणि डोकं न चालणं हा त्रास होता, म्हणजे साधारण १२ टक्के. कुणाचं रेंगाळणार हे मूळ आजार किती जोरात आला होता त्यावर ठरलं, माणसाच्या स्वभावावर किंवा मनाच्या कमकुवतपणावर नाही. "मनावर घेतलंय" म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवा. आणि तुमच्या "किती वेळ"चं उत्तरही त्यातच आहे: बहुतेक जण सहा महिन्यांच्या आत त्यातून बाहेर येतात. तुम्हाला तर अजून तितकेही झाले नाहीत.

आता कमाटीबाग. उलटं वाटतं खरं, पण विषाणूनंतरच्या थकव्याची हीच खूण आहे. श्रम आज होतात, वसुली उद्या-परवा येते. नेटाने रोज थोडं थोडं वाढवत नेण्याने काहींचं बिघडतं. जुनाट थकव्याच्या आजारात तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेने असा ठरीव वाढीचा व्यायाम सुचवणंच २०२१ मध्ये थांबवलं. तेव्हा ज्या दिवशी हुशारी वाटते त्याच दिवशी हात आखडता घ्या. दोन फेऱ्या जास्त मारायच्या नाहीत, उलट एक कमी. हे फार जड जातं, मला अजूनही जातं. आणि बुद्धीचं कामही श्रमातच धरा. तासभर जुळवणी हीसुद्धा फेरीच.

कामाचं म्हणाल तर, आकडे जुळवणं सकाळीच उरका. डोकं थकायच्या आधी उठा, थकल्यावर नको. उठल्यावर मोबाईल बघायचा नाही, डोळे मिटून पडा. फोनसाठी दुपारची एक वेळ ठेवा आणि नाव कळताच कागदावर उतरवा. माझे आजोबा पेढीवर होते, तिथे एकाने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने वहीत टिकली मारायची अशी रीत होती. त्या नव्या मुलीला समोर बसवा, ती म्हणेल, तुम्ही टिकली मारा. दोन कागदांमध्ये आकडा डोक्यात धरून ठेवायचं ओझंच राहणार नाही, आणि तीही तयार होईल. रेडिओ सध्या बंद.

जमाखर्च:

सगळ्यांचे आभार. बी-१२ चा रिपोर्ट आला, १४८. लॅबने खालची मर्यादा २०० छापली आहे. बाकी ठीक. इंजेक्शनं सुरू झाली, रात्रीची गोळी डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवणार आहेत. ११ तारखेचं काम त्या मुलीकडे दिलं, २० चं आम्ही दोघं मिळून करतोय, ती म्हणते, मी टिकली मारतो. शेठ दारातून बघून गेले, बोलले काही नाहीत. डोकं फार सुधारलंय असं नाही, पण सकाळी अकरापर्यंत बरं चालतं. इंजेक्शनांनी अजून फरक जाणवला नाही, किती दिवसांनी जाणवतो?

लॅबवाली मावशी:

अहो, आत्ता तर सुरू केलीत. काहींना थोड्या आठवड्यांत बरं वाटतं, काहींना महिने लागतात. पण कोर्स पूर्ण करा, जरा बरं वाटलं की अर्ध्यात सोडणारे फार असतात. आणि पुढच्या खेपेला जाल तेव्हा पॅन्टोप्राझोल इतकी वर्षं कशासाठी चालू आहे तेही विचारून या.