मदत हवी आहे: हातच्याची वजाबाकी चुकतेय, पण विचित्र चुकतेय

नमस्कार मंडळी. आमची कन्या तिसरीत आहे, मराठी माध्यम. बेरीज छान करते, हातच्याची तीन अंकी पण, ३७८ आणि २४५ दिले की ६२३ लिहून मोकळी. वजाबाकी आली की मात्र रोज संध्याकाळी घरात रणधुमाळी. बिनहातच्याची येते, हातचा आला की गेलं. कालच्या वहीतली जशीच्या तशी देतेय:

५२ - २७ = १५
८१ - ४६ = २५
६३ - ३८ = १५
७० - २४ = ३६

मला वाटलं हातचा म्हणजे काय हेच तिला कळलं नाहीये, म्हणून खराट्याच्या काड्या तोडून दहा दहाच्या जुड्या बांधल्या, रबर लावून. ५२ मधून २७ काढताना एक जुडी स्वतः सोडली बाईसाहेबांनी आणि बरोबर २५ काढले, आणि लगेच वहीत परत १५! विचारलं तर म्हणते "काड्यांची वजाबाकी वेगळी असते आई, वहीची वेगळी." आधी मी हसले, मग ओरडले, मग ती रडली, मग मी.

अजून एक, तोंडी गणित घातलं आणि सत्तेचाळीस म्हटलं की कधी कधी ७४ लिहिते. शाळेतल्या बाई चांगल्या आहेत पण वर्गात पोरं किती, त्या तरी कुठे कुठे बघणार. शिकवणी लावायची नाहीये. काय करू?

पावकी_निमकी:
ताई, चारही उत्तरं परत बघा. प्रत्येक बरोबर दहाने कमी आहे. ज्या पोराला हातचा कळलेला नसतो ते ५२ - २७ चं ३५ लिहितं, खालच्या सातातून वरचे दोन काढून टाकतं, मोठ्यातून लहान, मग वर कोण नि खाली कोण बघायचंच नाही. झेडपीच्या शाळेत २२ वर्षं काढली, असे ३५ ढिगाने तपासलेत. तुमच्या लेकीचा एकक बरोबर येतोय, म्हणजे हातचा तिला कळलाय, फक्त दशक दोनदा जातोय. घरात कोणी जुनं माणूस अभ्यास घेतं का? आमच्या लहानपणी असं होतं, "बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." वरच्या पाचाला हात लावायचा नाही, खालच्या दोनाचे तीन करायचे. आता शाळेत वरचा पाच खोडून चार करतात. पोरीने दोन्ही केलं तर चारातून तीन गेले एक, झाले तुमचे १५. तिला मोठ्याने बोलत बोलत करायला लावा, तुम्ही मधे एक शब्द बोलू नका.

धागाकर्ती:
अहो कमाल आहे!! आत्ता बसवलं. पाच खोडला, वर चार लिहिला, आणि मग पुटपुटली, "हातचा एक, दोन नि एक तीन." हे कुठून आलं विचारलं तर "आबांनी सांगितलं." मी ऑफिसात असते तेव्हा सासरे अभ्यास घेतात तिचा. आता आबा विचारताहेत माझी पद्धत चूक आहे का, आणि चेहरा असा केलाय की मला उत्तर देता येईना.

पावकी_निमकी:
अजिबात चूक नाही, तसंच सांगा त्यांना. वरच्या संख्येत दहा सुटे घातले आणि खालच्या संख्येत एक दशक घातला, दोन्हीकडे सारखेच वाढले, फरक तोच राहिला. पण या वयात एकीच पद्धत ठेवा आणि ती शाळेची ठेवा कारण पेपर तिथे आहे. काड्यांपेक्षा आता खेळण्यातल्या नोटा घ्या, १००, १० आणि १ च्या. हातचा म्हणू नका, मोड म्हणा. दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे, मला सात सुटे हवेत, मग एका नोटेची मोड आण. एक नोट गेली, चार उरल्या, ते तिला डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक मोडीनंतर वहीत लगेच तेवढंच खोडायला लावा, नाहीतर काड्यांची वेगळी नि वहीची वेगळी हे संपणार नाही.

किराणा_भुसार:
मी दुकानदार, आम्ही वजाबाकी करतच नाही राव. बिल २६७, गिऱ्हाईकाने ५०० दिले. तीन दिले २७०, तीस दिले ३००, दोनशे दिले ५००, म्हणजे २३३ परत. आबांना गल्ल्यावर बसवा, हे काम त्यांना द्या. वहीतलं ५०० - २६७ मात्र खरंच वाईट, दोन शून्यं शेजारी. तिथे शंभराची मोड दहाच्या दहा नोटा, त्यातल्या एकीची मोड परत दहा सुटे, मग हातात शंभराच्या ४, दहाच्या ९ आणि १० सुटे. तो मधला ९ कुठून येतो हे बऱ्याच मोठ्यांना पण सांगता येत नाही.

टेकडीवरची:
सत्तेचाळीसचं टेन्शन नका घेऊ, आपल्याकडे सात आधी बोलतात आणि चाळीस नंतर, पोरगी ऐकते त्याच क्रमाने लिहिते. वर एकोणपन्नास, म्हणजे नावात पन्नास आणि लिहायचे चार नि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं तेव्हा केवढा गदारोळ, विधानसभेत विषय गेला. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, स्वतःच्या मुलाला शिकवताना पटलं. आम्ही आधी "चाळीस आणि सात" म्हणून लिहायला लावायचो, नंतर सत्तेचाळीस.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आबांनी शाळेची पद्धत माझ्याकडून शिकून घेतली, दोनदा "हातचा एक" तोंडात आलं, दोन्ही वेळा नातीनेच टोकलं. चारातली तीन आता बरोबर येताहेत. ७० - २४ अजून ३६च, शून्य दिसलं की गडबडते. दुकान सुरू झालंय, पोह्यांचा भाव आबांनी किलोला २६७ लावलाय आणि सुट्टे नाहीत म्हणून मला परत पाठवलं.