शब्दचर्चा : ट्रकल बेड, टेस्टर, काउंटरपेन वगैरे

प्रश्न : सतराव्या शतकातल्या इंग्लंडबद्दलचा एक मजकूर मराठीत करतेय. त्यात एका घरातल्या सामानाची यादी आहे आणि मी तिथेच अडकलेय. ट्रकल बेड, टेस्टर, काउंटरपेन, बोल्स्टर... शिवाय ‘बेड’ आणि ‘बेडस्टेड’ वेगवेगळे नोंदवलेत! मी आपलं चाकांचा पलंग, छत, चादर, लोड असं लिहून मोकळी झाले. चालेल का?

उत्तर : ‘बेड’ला पलंग लिहिलं असेल तर ते आधी खोडा. त्या काळच्या याद्यांमध्ये ‘बेड’ ही बहुतेक वेळा गादी असते. ‘फेदर बेड’ म्हणजे पिसांची गादी. लाकडी सांगाडा तो ‘बेडस्टेड’. ‘स्टेड’ म्हणजे जागा. गादी जिथे घालायची ती जागा. म्हणजे यादी करणाऱ्याने एकच वस्तू दोनदा लिहिलेली नाही. खरा पैसा असायचा तो गादी, पडदे, पांघरुणं यांत.

शेक्सपिअरच्या २५ मार्च १६१६च्या मृत्युपत्रात बायकोला ‘सेकंड बेस्ट बेड, फर्निचरसकट’ दिलाय. दुसऱ्या नंबरचा पलंग देऊन बायकोचा अपमान केला का, यावर लोक अजून भांडतात. (सर्वांत चांगला पलंग पाहुण्यांसाठी राखलेला असे, हा त्यावरचा नेहमीचा खुलासा.) मला त्यातल्या ‘फर्निचर’ची जास्त गंमत वाटते. टेबल-खुर्च्यांचा इथे काही संबंध नाही. पडदे, उशा, पांघरुणं असा पलंगाचा सगळा सरंजाम त्यात येतो. आपण घोड्याचा साज म्हणतो ना, तसा पलंगाचा साज. घोड्याच्या साजालाही तेव्हा इंग्रजीत हाच शब्द होता.

आता ट्रकल बेड. ‘ट्रकल’ म्हणजे छोटं चाक, कप्पी. मूळ लॅटिन ‘ट्रॉक्लिआ’. हा बुटका बिछाना दिवसा मोठ्या पलंगाखाली ढकलून ठेवायचा आणि रात्री ओढून काढायचा. वर मालक, खाली नोकर किंवा पोरंटोरं. यावरून सतराव्या शतकातच ‘ट्रकल’ क्रियापदाला कुणापुढे नमतं घेणं, लाचारी करणं असा अर्थ चिकटला. झोपायच्या उंचीवरून माणसाची पायरी ठरली! तुमच्या ‘चाकांचा पलंग’मध्ये नेमकं हे खालीपण हरवतं. शिवाय दवाखाना आठवतो तो वेगळाच.

टेस्टर म्हणजे पलंगावरचं छत, हे तुमचं बरोबर. मुळाशी लॅटिन ‘टेस्टा’, म्हणजे मातीचं भांडं. बोलीत त्याचं डोकं झालं आणि फ्रेंचांचा डोक्यासाठीचा ‘तेत’ तिथूनच आला. आपणही डोक्याला मडकं म्हणतोच की. अवांतर : आपली उशीसुद्धा डोक्यावरूनच आलीय, संस्कृत ‘उच्छीर्षक’वरून.

बोल्स्टरला लोड नको. लोड म्हटला की बैठक आणि टेकून बसलेले आजोबा दिसतात. बोल्स्टर ही पलंगाच्या रुंदीइतकी लांब उशी, नेहमीच्या उशीखाली घालायची.

आणखी एक मत : हे पलंग दोऱ्यांनी विणलेले असत ना? दोऱ्या सैल पडल्या की ताणायच्या, म्हणून ‘स्लीप टाइट’, असं मी कुठेतरी वाचलंय.

उत्तर : दोऱ्यांचं खरं आहे, आपल्या सुंभाच्या बाजेसारखंच. ‘स्लीप टाइट’ची गोष्ट मात्र मागाहून रचलेली. तो वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतो आणि त्यातल्या ‘टाइट’चा अर्थ ‘नीट, गाढ’ एवढाच आहे. असल्या गोष्टी इतक्या गोड असतात की खोडायचं जिवावर येतं.

काउंटरपेन राहिलंच. यातल्या ‘काउंटर’चा दुकानाशी संबंध नाही आणि ‘विरुद्ध’शीही नाही. मूळ लॅटिन ‘कुल्किता पुंक्ता’, म्हणजे टाके घातलेली गादी. फ्रेंचांच्या तोंडी त्याची मोडतोड झाली आणि इंग्रजीत येऊन शेपटाला ‘पेन’, म्हणजे कापड, जोडलं गेलं. त्याच ‘कुल्किता’पासून ‘क्विल्ट’. खालची गादी शब्दाशब्दाने वर सरकत पांघरूण झाली. मराठीत याला आयता शब्द आहे, पलंगपोस. योगायोग असा की हाच शब्द वेडावाकडा होऊन इंग्रजीतही गेलाय : ‘पॅलमपोर’. कोरोमंडल किनाऱ्यावरचे, हाताने रंगवलेले छिटाचे पलंगपोस सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात विकायला जायचे, त्यांचं हे नाव. तुमच्या यादीत कुठे दिसलं तर बिनधास्त पलंगपोस लिहा, शब्द माहेरी आला म्हणायचं.

आणखी एक मत : तसं तर ‘कॉट’चंही माहेर इथलंच. खाट इंग्रजीत गेली, जहाजावर टांगता बिछाना झाली, मग तान्ह्या मुलांचं अंथरूण. आणि पुण्यात पोरं ‘कॉट बेसिस’वर राहतात!

प्रश्नकर्ती : ‘बेड’ सगळीकडे गादी केली, ‘बेडस्टेड’ पलंग. टेस्टरचं छत, काउंटरपेनचा पलंगपोस, बोल्स्टरची लांब उशी. ट्रकल बेडला ‘पलंगाखालची खाट’ लिहितेय, चाकं गेली तरी चालतील.